गजशाळा राखावयास चाळीस मांडवीणा बसल्या त्याची बखर

श्रीगजाननास वंदन, नादास वंदन, आणि ज्यांनी समोर बसवून शिकविले त्या सर्वांस वंदन. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, मार्गशीर्षमास, ते समयी डोंगरातील एका लहानशा दौलतीत, वरली पेठ आणि खालची वाडी ऐशा दोन वस्त्यांमध्ये जे वर्तमान जाहले ते लिहितो. ऐकीव नाही. लिहिणार खालच्या वाडीकडून रांगेत जातीने बसला होता.

या मुलुखी पूर्वी एक टोपीकर वैद्य औषधी मुळ्या धुंडाळीत आला आणि गुरवाच्या घरी उतरला. त्याजपाशी एक वाद्य होते, हात-दीड हात लांब, कंबरेत बारीक, तीन तारांचे, आणि ते खांद्यास न लाविता मांडीवर आडवे निजवून वाजवावयाचे. एका हाती बांबूची काडी घेऊन मधल्या तारेवर फिरवावी म्हणजे गाणे निघे, दुसऱ्या हाती पिसाची दांडी घेऊन तारा छेडाव्या, आणि कडेच्या दोन तारा आपला एकच सूर धरून गुणगुणत राहात. वैद्याच्या देशी डोंगरातले लोक हे वाजवितात आणि त्यास डल्सिमर म्हणतात. आमच्या जिभेस ते नाव वळेना, म्हणोन लोक मांडवीणा म्हणो लागले. गुरवाची लेक आवडा तेव्हा चौदा वर्षांची होती, तिला वाद्याचा ध्यास लागला, परंतु वैद्यास आमची भाषा येईना आणि तिला त्याची. मग वैद्य समोर बसोन वाजवी आणि ती पुढ्यात बसोन पाही, आणि जसे दिसे तसे आपले हात हलवी. तोंडाने एक शब्द नाही. वैद्य वर्षाने निघोन गेला, वाद्य तिला देऊन गेला, आणि तेव्हापासोन रीत पडली की गुरूने समोर बसावे, शिष्याने पाहावे, कोणी बोलू नये, आणि दोघांच्या वाद्यांची डोकी दाराकडे असावी. आवडास पुढे लोक आवडाई म्हणो लागले, आणि आणखी एक रीत तिने आपली घातली, की शिष्याने पहिल्या दिवशी घरचे एक गाणे आणावे, जात्यावरचे म्हणा, पाळण्याचे म्हणा, मळणीचे म्हणा, आणि तेच त्याने प्रथम वाजवावे. पुढे कित्येक वर्षांनी दौलतीचा एकुलता हत्ती वारला आणि गजशाळा ओस पडली. तेथे आवडाईने सोमवारची बैठक भरविली, आणि ती बावीस वर्षे चालली. शिष्यांत धाकोजी सुतार मोठा हुन्नरी. तो वाद्ये घडवी आणि वाजवीही. परंतु त्याने आवडाईस न पुसता खालच्या वाडीत आपली बैठक मांडली, आणि आवडाईस राग आला, आणि गुरुशिष्यांत नऊ वर्षे बोलणे राहिले नाही.

ऐशात किल्लेदार सुभानराव यांनी दौलतीचे धनी श्रीमंत यांस अर्ज केला की, कोठीत बारुदास ओल येते, गजशाळा दगडी आणि कोरडी आहे, तेथे चारदोन बाया टिंगटिंग करितात, ती जागा बारुदास मिळावी. आवडाई सदरेस धावली आणि म्हणाली, "चारदोन नव्हेत सरकार, दोन्ही वस्त्यांतले लोक वाजवितात." श्रीमंत म्हणाले, "किती?" ती तावात होती, म्हणाली, "चाळीस." सुभानराव हसले. "चाळीस! बाईंनी तारा मोजल्या असतील, माणसे नव्हे." मग श्रीमंतांनी आज्ञा केली की, पौर्णिमेस सकाळी सदरेसमोर चाळीस जणांनी एका रांगेत बसावे, एक गाणे न तोडता वाजवावे, तसे जाहले तर गजशाळा तुमची, न जाहले तर चौथे दिवशी बारूद आत जाईल. बारा दिवसांची मुदत. आवडाईजवळ एकोणीस शिष्य आणि विसावी ती. बाकीचे वीस खालच्या वाडीत, धाकोजी धरून.

मग आवडाई वयाच्या बासष्टाव्या वर्षी डोंगराची वाट उतरोन गेली. धाकोजी फळीवर रंधा मारीत होता. त्याने पाहिले आणि रंधा थांबविला नाही.

"धाकोजी."

"वाट चुकलात काय आई?"

"चुकले नाही. टोमणे मग मार, आधी वीस माणसे दे."

"माणसे म्हणजे काय फळ्या, की रचून देऊ?"

"माझी शाळा जाते रे."

येथे रंधा थांबला. तेव्हा त्याची शिष्या ठमाबाई गवळण दारात होती ती म्हणाली, "जाऊ की धाकोजीदादा. म्हातारी इतकी उतरून आली. चढताना तिला धरायला तरी कोणी हवे." आणि मग वीस जण निघाले.

तिसरे दिवशी गजशाळेत एकोणचाळीस जण प्रथमच एका रांगेत, खांद्यास खांदा लावून बसले. आवडाई रीतीप्रमाणे समोर वेगळी बसली. वरल्या पेठेच्या पिलाजी कासाराच्या शेजारी ठमाबाई आली, आणि दोघांनी वाद्य मांडीवर घेतले तोच दोन्ही डोकी एकमेकांवर टक्कन आपटली. पिलाजी म्हणाला, "बाई, वाद्य उलटे धरलेत." ठमाबाई म्हणाली, "उलटे तुझे. मी नऊ वर्षे असेच धरते." मग पिलाजीने तिच्या हाताकडे पाहिले, तिच्या पलीकडल्याच्या हाताकडे पाहिले, आणि ओरडला, "अरे, पीस डाव्या हातात! खालची वाडी सगळी डावरी! ज्या हाताने गोठा काढता त्याच हाताने गाणे काय?" वरली पेठ हसली. ठमाबाई म्हणाली, "याच हाताने तुझ्या घरी दूध मापते कासारा, तेव्हा नाक मुरडीत नाहीस." आणि तिने वाद्य फडक्यात बांधिले, आणि खालचे सर्व लोक बांधू लागले. धाकोजीने आपला हात पाहिला तो उजवा, आणि शिष्यांचे पाहिले तो सारे डावे. त्याचा चेहरा उतरला. हलकेच म्हणाला, "म्या चुकीचे शिकविले काय?" लोक उठले असते तर काम तेथेच संपले असते.

तेव्हा आवडाई उठली, वाद्य घेऊन रांगेत आली आणि पिलाजी व ठमाबाई यांच्यामध्ये बसली. तिच्या वाद्याचे डोके ठमाबाईसारखेच उजवीकडे, आणि पीस डाव्या हाती. पिलाजी म्हणाला, "आई, तुम्ही डाव्या?"

"बावीस वर्षे समोर बसलास."

"दिसले नाही."

"मलाही आजच दिसले."

प्रकार ऐसा जाहला होता. वैद्य उजवा. त्याच्या समोर बसोन आवडाईने जसे दिसले तसे हात हलविले, ती डावी जाहली. तिच्या समोर तिचे शिष्य बसले, ते फिरोन उजवे जाहले, त्यांत धाकोजी. आणि धाकोजीच्या समोर बसले ते सर्व डावे. आरशात पाहिल्यासारखे. समोरासमोर बसता दोघांचीही डोकी दाराकडेच, आणि बोलावयाची बंदी, म्हणोन कोणास भेद कळला नाही. शेजारी कधी कोणी बसलेच नव्हते. पिलाजीने मान खाली घातली आणि ठमाबाईच्या वाद्याचे फडके आपल्या हाताने सोडिले. मग उजवे एका अंगास, डावे एका अंगास, मध्ये दोन हात जागा, ऐसे बसोन ठमाबाईच्या घरचे मळणीचे गाणे उरलेले दिवस घोटिले, आणि ते एका तारेत येऊ लागले.

पौर्णिमेस सकाळी सदर भरली. श्रीमंत गादीवर विराजमान जाहले, मानकरी बसले, आणि अंगणात चाळीस जणांनी मांडीवर वाद्ये घेतली. तोच सुभानराव उठले आणि मुजरा करून म्हणाले, "सरकार, या गादीसमोर पान, फूल, नजराणा काहीही डाव्या हाताने होत नाही. थोरल्या महाराजांची रीत. या रांगेत वीस जण डावे आहेत. गुरू म्हणविते ती बाईही डावी आहे. त्यांस उठवावे." श्रीमंतांनी रांगेकडे पाहिले आणि पेचात पडले. म्हणाले, "रीत खरी आहे." वीस उठले तर चाळीस राहात नव्हते, आणि किल्लेदारांस तेवढेच पाहिजे होते. ठमाबाई पुटपुटली, "मेल्याने नऊ दिवस गप्प बसून आजचा मुहूर्त धरला." आवडाई उभी राहिली.

"सरकार, हात बदलतो. वेळ द्यावा."

सुभानराव म्हणाले, "अठ्ठेचाळीस वर्षांचा हात, आणि बदलावयास वेळ किती? पुढची पौर्णिमा?"

"दोन घटका."

सदरेत कुजबुज जाहली. श्रीमंतांनी मान हलविली आणि घटकापात्र मांडविले. पाण्यावर वाटी सोडिली. वाटी दोनदा बुडेतो मुदत.

आवडाई रांगेकडे वळोन म्हणाली, "आज माझी रीत मोडा. समोर बसू नका, शेजारी बसा. आणि बोला." मग वरल्या पेठेच्या एकेकाने खालच्या वाडीचा एकेक शेजारी घेतला आणि अंगणात एकच गलबला जाहला. पिलाजीने ठमाबाईचे वाद्य फिरविले आणि तिचे मनगट धरिले. "काडी डाव्या हातात. घट्ट नको. सैल, सैल!" ठमाबाई म्हणाली, "हळू रे, बांगडी चढवतोस की काय?" "बाई, बांगडीला तुमच्यापेक्षा कमी त्रास पडतो." "धाकोजीदादाचा हात नऊ वर्षे पाहते आहे मी. डोळ्याला येते, हातालाच येत नाही." "मग डोळे मिटा!" तिने मिटले, आणि पहिली ओळ निघाली. ऐसे एकोणीस जोड बसले. उरले दोघे, आवडाई आणि धाकोजी. धाकोजी वाद्य घेऊन उभा, पुढे येईना.

"उभा काय राहिलास? शिकव."

"आई, तुम्हांला मी कसा शिकवू?"

"नऊ वर्षे मला न विचारता शिकविलेस. आज विचारते आहे तर पाय धरून बसू नकोस."

धाकोजी शेजारी बसला. तिने पीस उजव्या हाती घेतले आणि तारा छेडिल्या त्या ओल्या लाकडासारख्या वाजल्या. डाव्या हातातील काडी तारेवरोन घसरोन खाली पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. पहिली वाटी बुडाली. शिपायाने ती रिकामी करून पुन्हा सोडिली, आणि सुभानराव मिशीवर हात फिरवीत वाटीकडे पाहात राहिले. धाकोजीने तिची बोटे काडीवर बसविली. तिने झटकली. "कळते मला!" "कळते ते हाताला सांगा." तिसऱ्या ओळीत गाणे वर चढते, तेथे तिची काडी दर वेळी एक पडदा पुढे जाई. धाकोजीचा धीर सुटला आणि तो मोठ्याने म्हणाला, "खांदा सोडा! खांदा का चढवता? याच खांद्यावर तुम्ही मला काडी मारीत होता!" सर्व अंगण थांबले. गुरूवर ओरडला म्हणोन त्याने जीभ चावली. आवडाईने त्याजकडे पाहिले, आणि खांदा सोडिला. काडी बरोबर जागी गेली. एकदाच गेली. पुढल्या खेपेस वाटी बुडाली आणि शिपायाने हात वर केला.

मग चाळीस वाद्यांची डोकी एका दिशेस करून, चाळीस पिसे उजव्या हाती धरून, गाणे सुरू जाहले. फार हळू. मळणीचे बैल जेवढे हळू फिरतील त्याहून हळू. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत खालच्या वाडीचे दोनतीन जण अडखळले, परंतु कडेच्या तारा गुणगुणत होत्या आणि शेजारी ओठांनी "आता वर, आता खाली" सांगत होते, आणि ते पुन्हा सापडले. तिसरी ओळ आली. आवडाई चुकली. पुन्हा ती ओळ आली, पुन्हा चुकली. तिसऱ्या खेपेस तिने चढण सोडोन दिली, काडी उचलली, आणि नुसत्या तारा छेडीत राहिली, आणि धाकोजीने आपले गाणे मोठे करून तिची जागा भरली. शेवटची ओळ सर्वांची एकदम उतरली आणि तारा शांत होईतो कोणी हलले नाही.

सुभानराव उठले. "सरकार, म्हातारी दोनदा चुकली. मी तिच्याच हाताकडे पाहात होतो." श्रीमंत म्हणाले, "आवडाबाई, खरे काय?" धाकोजी मध्येच म्हणाला, "नाही सरकार, ती चूक माझी..." आवडाईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेविला. नाही म्हटले असते तर एकटा किल्लेदार एका बाजूस आणि चाळीस जण दुसऱ्या बाजूस होते, परंतु ती म्हणाली, "दोनदा नव्हे सरकार. तीनदा. तिसरी किल्लेदारांस कळली नाही." मानकऱ्यांत कोणी खोकला, कोणी हसू गिळिले. श्रीमंतांनी विचारले, "सुभानराव, गाणे तुटले काय?" खोटे बोलणारा माणूस किल्लेदार नव्हता. म्हणाले, "तुटले नाही." तेव्हा श्रीमंत म्हणाले, "आमची आज्ञा गाणे न तुटण्याची होती. आणि या वयात जी अजून शिकते आहे, तिच्या शाळेत बारूद भरावी कशी? कोठीचे छप्पर दुरुस्त करा." मग विडे वाटिले आणि लोक उठले. ठमाबाईने विडा घेतला तो डाव्या हाताने, चटकन ध्यानी आले आणि उजव्यात धरिला, परंतु श्रीमंत तिकडे पाहात नव्हते, की पाहूनही न पाहिलेसे केले, हे लिहिणारास सांगता येत नाही.

सारांश इतका की, गजशाळा राहिली, कोठीचे छप्पर दुरुस्त जाहले आणि बारूद कोरडी राहिली. बैठकीत दोन रीती जाहल्या, प्रथम समोर बसावे आणि मग शेजारी बसावे, आणि बोलण्याची बंदी उठली, त्यामुळे गलबला फार होतो. डावे डाव्याने वाजवितात, सदरेत जावयाचे तेवढे उजव्याने. आवडाई पुढे तीन वर्षे जगली. दर सोमवारी धाकोजीच्या शेजारी बसोन उजव्या हाताने तेच गाणे घेई. तिसऱ्या ओळीची चढण तिला शेवटपर्यंत साधली नाही, आणि साधली असे तिने कोणास सांगू दिले नाही. घडले तेवढे लिहिले.