खुब्याचं हाड आणि गच्चीची किल्ली

पुतणीनं डोकं खाल्लं म्हणून लिहितोय. नाहीतर माझ्या गळ्यातून कारकून बाहेर आला, यात सांगण्यासारखं काय आहे?

गळ्यात रक्तातल्या कॅल्शियमचा हिशेब ठेवणाऱ्या चार बारक्या गाठी असतात, त्यांच्या कचेरीतला हा माणूस. करंगळीएवढा. मंगळवारी जेवताना आला आणि ताटाच्या कडेवर बसला.

"आजोबा, रक्तात कॅल्शियम कमी पडलंय. खुब्याच्या हाडातून काढायचा हुकूम आहे. पुढच्या सोमवारपासून."

"मागच्या पावसाळ्यात मनगटातलं नेलंस. तो हात अजून तांब्या उचलत नाही."

"तेही नियमानंच नेलं."

"दोन वेळा दूध पितो की मी, गाढवा!"

"दूध येतं नि जातं. ड जीवनसत्त्व नसेल तर आतडं त्यातलं फारसं आत घेत नाही. अंगावर ऊन दाखवा, हुकूम थांबवतो."

ऊन कुठून दाखवू? माझी खोली तळमजल्यावर, खिडकीसमोर सहा मजली भिंत. खुबा गेला की मोरीपर्यंतसुद्धा दुसऱ्याच्या खांद्यावर. थू असल्या जगण्यावर.

ऊन फक्त गच्चीवर. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, म्हणजे दिगंबर टिपणीसाकडे.

"गच्ची फक्त वाळवणासाठी, तात्या," तो म्हणाला. "माणसं बसली की चकाट्या पिटतात. ठराव आहे तसा."

"मग मला वाळवणात घाल."

त्यानं ठरावाची वही दोनदा चाळली. मनाई सापडेना. "प्रकार काय लिहू? पापड, कुरडई, सांडगा?"

"सांडगा लिही."

"बोलायचं नाही मात्र. वाळवण बोलत नाही."

चाळीस दिवस मी पेडणेकरबाईंच्या कुरडयांशेजारी प्लास्टिकवर पडून होतो. खरं तर तीसच ठरले होते, पण जुन्या कातडीत काम सावकाश होतं म्हणून कारकुनानं दहा वाढवले. सकाळी दहाला बाई कुरडया उलटायच्या, त्याच हातानं मलाही.

"तात्या, या कुशीवर व्हा. ही बाजू झाली."

मी नियमानं गप्प.

एकेचाळिसाव्या दिवशी कारकुनानं माझा खुबा बोटानं ठोकून पाहिला, हुकूम फाडला आणि पाण्याच्या घोटाबरोबर परत गळ्यात गेला. मोरीत मी माझ्या पायांनी जातो.

पण वाळवण उतरवताना वहीत शेरा लागतो. पेडणेकरबाईंच्या कुरडयांना 'उत्तम'. माझ्यापुढे लिहिलंय, 'सांडगा, एक नग, आतून कच्चा.' सगळ्या सोसायटीनं वाचलं. हाड शाबूत असलेल्या माणसाला कच्चा म्हणतो, आणि अजून माफी मागितलेली नाही त्या दिगंबर टिपणीसानं.