मथुराआत्याच्या तोंडातली ओंजळ

नेवरवाडीत प्रत्येक नाव एकच असतं आणि एका वेळी एकालाच मिळतं. रंगनाथच्या मुलीच्या बारशाला गावात एकच नाव मोकळं उरलं होतं, ते म्हणजे नकोशी. नियम तो नियम, आपण काय करणार, असं रंगनाथ म्हणाला. त्याच्या बहिणीला, मथुराआत्याला, असा संताप आला की तिने घुगऱ्यांचं पातेलं आदळलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि असलं नाव ती मेली तरी सांगणार नव्हती.

पदर खोचून ती थेट देवळामागे एकट्या राहणाऱ्या ओंजळ गुरवाकडे गेली आणि आढेवेढे न घेता म्हाताऱ्याकडे त्याचं नाव मागितलं.

म्हाताऱ्याने आधी नावाची हकिगत सांगितली. पहिली ओंजळ म्हणजे गावची सुईण. त्याची आई बांधावरच बाळंत झाली तेव्हा सुईणीने त्याला मातीला लागू न देता दोन्ही हातांत झेललं, आणि पुढे मरताना आपलं नावही त्यालाच दिलं. बाईचं नाव म्हणून पोरं हसायची.

"ओंजळ पुढे केली की कुणी विचारतं का, बाईची की बाप्याची?" म्हातारा म्हणाला. "ने तू."

नाव तोंडात धरून न्यावं लागतं. वाटेत एक शब्द बोललं तरी ते सांडतं. आणि आत्या तर गावातली एक नंबरची बोलघेवडी! बायांनी वाटेत मुद्दाम छेडलं. दारात रंगनाथ आडवा आला, मुलाचं नाव आणलंस की मुलीचं, म्हणून. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने उत्तर गिळलं, पाळण्यात वाकली आणि बाळाच्या कानात ओंजळ म्हणाली. मग भावाकडे वळली, ती दिवेलागणीपर्यंत बोलत होती.

घुगऱ्या घेऊन ती देवळामागे परतली, तेव्हा बिननावाचा म्हातारा पायरीवर बसला होता. तिने घुगऱ्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

"आता तुम्हाला हाक काय मारू?"

"ते उरलंय ना, तेच दे. माझ्यापाशी राहिलं म्हणजे कुठल्या पोरीकडे जायचं नाही."

आत्याने रीतीप्रमाणे त्याच्या कानात कुर्र केलं.

हल्ली नकोशीबाबा नुसते शिंकले, तरी ज्या ज्या घरात सून गरोदर आहे तिथून काढा येतो. तोंड वाकडं करून ते सगळा पितात.