बसवंतअप्पांचा सर्च
कमलनगरच्या बसस्टँडवर ओळखीचं कुणी भेटलं की आपण विचारतो, कुठं निघालात? आमचे बसवंतअप्पा विचारतात, "पाऊणला तुमी काय म्हणताव?" कुणी म्हणतो पाऊण, कुणी पौना, कानडी घरचा असला तर मुक्काल. अप्पा तिन्ही शब्द तिथल्या तिथं फोनमध्ये टिपून घेतात आणि तोवर समोरच्याची बस निघून जाते.

अप्पा माझ्याच शाळेत गणित शिकवतात. सीमेवरच्या आम्हा मराठी मास्तरांनी मिळून मुलांसाठी एक वेबसाइट काढली आहे. धडे, व्हिडिओ, सोडवलेली गणितं, सगळं फुकट. साठा ढीगभर झाला, पण सर्च केलं की पोरांच्या हाती काही लागेना. आम्ही प्रत्येक धड्याला पुस्तकातलं नाव देऊन मोकळे झालो होतो. बैठकीत सगळे पोरांच्याच नावानं बोटं मोडायला लागले, तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, "ज्याला नाव ठाऊक हाय, त्यो हुडकल कशाला?"

मी थक्क झालो. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

प्रत्येक धड्याला लोकांच्या तोंडचे शब्द जोडायचं काम अप्पांनी अंगावर घेतलं आणि मग त्यांना काही ताळतंत्रच राहिलं नाही. त्यांच्या पुतण्यासाठी दुबलगुंडीला मुलगी बघायला गेलो. स्वयंपाक, शिवणकाम राहिलं बाजूला, अप्पांनी तिला विचारलं, गोल वस्तू किती जागा व्यापते हे शोधायचं असेल तर फोनात काय लिहिशील? मुलगी म्हणाली, "भाकर केवढी, असं लिव्हीन." अप्पा इतके खूश झाले की लग्न त्यांनीच ठरवून टाकलं. पण सर्चमध्ये भाकर शिरली आणि आहाराचा धडा शोधणाऱ्या पोरांना वर्तुळं दिसायला लागली. विज्ञानाच्या बाई भांडायला आल्या. अप्पांनी त्यांना चहा पाजला, चूक दुरुस्त केली आणि जाता जाता विचारून घेतलं, पचनाला तुमच्या माहेरी काय म्हणतात?

हसा खुशाल. पण आज एका ओळीत तीन भाषा लिहा, शुद्धलेखन गुंडाळून ठेवा, तरी हवा तो धडा समोर येतो.

मागच्या रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. अप्पा ओसरीवर, दाराकडं पाठ करून बसले होते. मी हाक मारणार, तोच त्यांनी हात धरून मला खाली बसवलं. आतून फोनमधला आवाज येत होता, अप्पांचाच, अपूर्णांकांच्या बेरजेचा धडा. "खालचे आकडे आधी सारखे करून घ्या." त्यांची बायको गंगाक्का यंदा बाहेरून दहावीला बसल्या आहेत, हे मला तेव्हा कळलं.

"अभ्यासाला बसली त्या पयल्याच दिवशी तिनं मला हेच गणित इचारलं," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "मी पाव्हण्यांसमोर हसलो. तवापासून कायच इचारत न्हाई. फोनात हुडकती, पन काय लिव्हून हुडकती, हे तिला कुठल्या तोंडानं इचारू? म्हणून सगळ्या तालुक्याला इचारत हिंडलो."

आतला आवाज थांबला. मग तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"सापडलं तिला," अप्पा म्हणाले आणि मान खाली घालून स्वतःचाच धडा ऐकत बसले.