प्राण्यासह पहाटे सार्वजनिक

आमच्या डॅनफर्थ काउंटीत नागरिक सकाळी उठल्यावर तीन गोष्टी बघतात: हवामान कसं आहे, कोण गेलं आणि कोण आत गेलं. पहिल्या दोन गोष्टी वर्तमानपत्रात येतात. तिसरीसाठी शेरीफच्या कचेरीने संगणकावर एक पान चालवलं आहे. तुरुंगात आणलेल्या प्रत्येकाचा फोटो, नाव, वय आणि आरोप त्यावर लगेच झळकतो. हा जनतेचा माहितीचा हक्क आहे आणि आमची जनता हक्कांबाबत फार जागरूक आहे. मतदानाचा दिवस एक वेळ विसरेल, पण हे पान विसरणार नाही.

वर्ना स्टबलफील्ड ही या पानावर कधी दिसेल असं कुणाला वाटलं नव्हतं. वय सदुसष्ट, नवरा वारलेला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई; आमच्याकडे अशा बाईला सगळे आदराने 'मिस' म्हणतात. एका रविवारी प्रार्थना संपवून ती पायऱ्या उतरत होती, तेव्हा दोन शिपाई पुढे आले. त्यांतल्या एकाने टोपी काढली.

"मिस वर्ना, माफ करा. तुमच्यावर वॉरंट आहे."

"कशाबद्दल?"

"कोंबड्याबद्दल."

वर्नाचा डीकन नावाचा कोंबडा एके काळी पहाटे आरवत असे, त्याबद्दल तक्रार झाली होती. कोर्टाचं बोलावणं भलत्याच पत्त्यावर गेलं, वर्ना हजर राहिली नाही आणि गैरहजेरी हा आरवण्यापेक्षा मोठा गुन्हा ठरला. तिला तुरुंगात नेलं, भिंतीपुढे उभं केलं आणि हसू नका असं बजावून फोटो काढला. हसण्याचा तिचा विचारही नव्हता. टोपी काढून घेतल्यामुळे केस उभे राहिले होते, आणि नेमक्या त्या क्षणी तिला शिंक येत होती.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीश पीव्ही यांनी कागद चाळले.

"कोंबडा कुठे आहे?"

"तक्रारीच्या आधीच कापला साहेब. चर्चच्या जेवणाला रस्सा केला होता."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तो होय? पिठाचे गोळे घातलेला? आठवतो मला. निबर होता." थोडा विचार करून ते म्हणाले, "म्हणजे पुरावा मीही खाल्लाय. खटला रद्द."

वर्ना घरी आली आणि प्रकरण संपलं असं समजून झोपली. एवढ्या वयाच्या बाईला इतकं भाबडं राहणं शोभत नाही.

कारण पानावर फोटो होताच. आरोपाच्या रकान्यात "प्राण्यासह पहाटे सार्वजनिक शांततेचा भंग" असं यायला हवं होतं. पण रकाना अरुंद. त्यात "प्राण्यासह पहाटे सार्वजनिक" एवढंच मावलं. पुढचं ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे भरलं.

"तरी मी म्हणत होतो, एकटी बाई आणि एवढं मोठं अंगण," कोपऱ्यावरच्या खानावळीत ओडेल क्रॅबट्री म्हणाला. ओडेल तिचा शेजारी. तो स्वतः पानावर दोनदा येऊन गेलेला. त्यामुळे या विषयात त्याच्या शब्दाला वजन होतं.

"कोणता प्राणी म्हणे?" कुणीतरी विचारलं.

"ते नसतं लिहीत. लाजेखातर," ओडेल म्हणाला.

पुढच्या रविवारी पाद्रीसाहेबांनी वर्नाचे दोन्ही हात हातात घेतले, येशूने पाप्यांनाही जवळ केलं होतं असं सांगितलं आणि ऑर्गनपुढे एक पडदा लावला. हे ती सोसून गेली. सोसवलं नाही ते शाळेतलं. मुलगा आणि सून कामावर असल्याने नात टॅन्सीला शाळेतून आणायचं काम तिचं. फाटकाशी एक यंत्र आहे. येणाऱ्याचं नाव टाकलं की ते शेरीफच्या पानावर तपासतं. त्या दिवशी ते लाल झालं.

"मिस वर्ना, तुम्ही कोण हे मला माहीत आहे," फाटकावरची बाई म्हणाली. "पण यंत्राला तुम्ही वेगळ्याच माहीत आहात. कुंपणाबाहेर थांबा."

टॅन्सीला सुनेने कामावरून धावत येऊन नेलं. कुंपणाच्या जाळीतून नातीने विचारलं, "आजी, तू प्राण्याला काय केलंस?"

"खाल्ला."

टॅन्सी गंभीर झाली. "मग मीही खाल्ला असणार."

दुसऱ्याच सकाळी वर्ना शेरीफच्या कचेरीत गेली. नोंदींच्या खिडकीत रोवेना बसते. लहानपणी वर्नाकडेच ती प्रार्थनागीतं शिकली, त्यामुळे ती फार आदराने बोलली.

"अटक झाली होती की नव्हती, मिस वर्ना?"

"झाली होती. पण चुकून."

"चुकून पडलेला माणूससुद्धा पडलेलाच असतो ना?"

"अगं, कोर्टाने मला सोडलं."

"सोडलं ही वेगळी घटना झाली. सुटण्याचा फोटो आम्ही काढत नाही." रोवेनाला वाईट वाटलं असावं, कारण तिने आवाज खाली आणला. "पानावरून फोटो हटवायचा अर्ज करता येतो. पण तो फोटोतल्या व्यक्तीनेच करायचा असतो."

"मीच ती."

"तसं तुम्ही म्हणता."

वर्नाने गाडीचा परवाना पुढे सरकवला. रोवेनाने एकदा परवाना पाहिला, एकदा संगणकावरचा फोटो.

"या बाई हसतायत. आमच्या बाई हसणाऱ्यांतल्या वाटत नाहीत. चेहरा जुळवायचा तर त्याच कॅमेऱ्यावर, त्याच भिंतीपुढे नवा फोटो लागेल."

"काढ मग."

"तो कॅमेरा फक्त अटक झालेल्यांसाठी आहे."

"तर कर मला अटक, बाई."

"कारण नसताना? मिस वर्ना, आपण कायद्याच्या कचेरीत आहोत." रोवेना जरा विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. "असं करू. मी तुम्हाला खिडकीपासून बाजूला व्हायला सांगते. तुम्ही होऊ नका."

वर्ना बाजूला झाली नाही. तिला रीतसर ताब्यात घेण्यात आलं, फोटो निघाला आणि तो जुन्या फोटोशी तंतोतंत जुळला. रोवेनाने मनापासून अभिनंदन केलं. फोटोतली बाई वर्ना स्टबलफील्डच आहे हे आता निर्विवाद सिद्ध झालं होतं. तोवर दुसरा फोटोही पानावर चढला होता, आणि नियमाप्रमाणे फोटो हटवण्याची सवलत एकदाच अटक झालेल्यांना मिळते.

तिला सोडलं तेव्हा दारात खुद्द शेरीफ हार्लन गजर भेटले. निवडणूक जवळ आल्याने ते सगळ्यांनाच भेटत.

"मनाला लावून घेऊ नका, मिस वर्ना. पान लोकांसाठी आहे. कोण कसं आहे हे लोकांना कळायला नको का?"

"आणि न केलेलं कळलं तर?"

"अहो, अटक म्हणजे काही शिक्षा नव्हे," शेरीफ समजुतीने म्हणाले. "सुज्ञ माणसाला एवढं कळतं."

वर्ना घरी गेली नाही. ती समोरच्या इमारतीत गेली आणि शेरीफपदासाठी उमेदवार म्हणून नाव नोंदवून आली.

लोक पोट धरून हसले. मग फलक लागले. गजर यांच्या फलकावर ते स्वतः, त्यांचा कुत्रा, नातवंडं आणि झेंडा असे सगळे हसत होते. वर्नाने तुरुंगातला तो पहिला फोटो लावला. उभे केस, अर्धवट शिंक. खाली एकच ओळ: "तुम्ही मला ओळखता." आणि खरोखरच, काउंटीत तिला न ओळखणारा माणूस उरला नव्हता. शिवाय एक हिशेब गजर यांच्याकडून राहून गेला होता. इतक्या वर्षांत पानावर येऊन गेलेले, त्यांचे आईबाप, बायका, मेहुणे आणि चुलते एकत्र केले तर ते निम्म्या काउंटीहून अधिक भरत होते. मत गुप्त असतं. त्याचा फोटो निघत नाही.

वर्ना शेरीफ झाली आणि पहिल्याच दिवशी तिने पान बंद केलं. शाळेच्या यंत्राला विचारायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते हिरवं झालं. टॅन्सी फाटकातून पळत बाहेर आली आणि आजीचा हात धरून, मुद्दाम सावकाश, सगळ्या आयांच्या समोरून चालत गेली.

हे सुख फार टिकलं नाही. काउंटीत हाहाकार उडाला. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा भरली. चर्चच्या वार्षिक सभेलाही एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. पारदर्शकता, करदाते आणि मुलांची सुरक्षितता यांवर भाषणं झाली. शेवटी ओडेल उठला. त्याला भाषण येत नाही, म्हणून तो खरं बोलला.

"वर्ना, सकाळी उठून पान उघडायचं, आपलं नाव नाही हे बघायचं, मग कॉफी गोड लागते. तू आमची कॉफी घालवलीस."

"मी पानावर होते तेव्हा गोड लागली का रे, ओडेल?"

ओडेल खाली बघत म्हणाला, "फार. आता चिडू नकोस. त्या आठवड्यात मी दोन-दोन कप प्यायलो."

सभा हसली. वर्नाही हसली, पण जराशी उशिराने. मग ती उठली.

"हक्क तुमचाच आहे. पान उद्यापासून सुरू. ज्याला बघायचंय त्याने कचेरीत यायचं, त्या भिंतीपुढे न हसता उभं राहायचं आणि स्वतःचा एक फोटो द्यायचा. तो पानावर राहील. रकान्यात लिहू: 'बघायला आला होता.' रकान्यात मावेल तेवढं."

पाद्रीसाहेबांना अचानक एका आजाऱ्याकडे जायचं आठवलं.

पान आजही सुरू आहे, कायदेशीर आहे आणि सर्वांना खुलं आहे. त्या भिंतीपुढे मात्र अजून कुणी उभं राहिलेलं नाही. रोवेना कॅमेऱ्यावरची धूळ झटकते. वर्ना रविवारी ऑर्गन वाजवते. पडदा तिने स्वतःच काढून टाकला.

ही हकीकत मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सगळ्यांनी वर्नाबद्दल हळहळ व्यक्त केली, व्यवस्थेला नावं ठेवली आणि मग खुर्ची जरा पुढे ओढून विचारलं की तिचा तो शिंकेचा फोटो अजून कुठे बघायला मिळतो का. तुम्ही सभ्य वाचक आहात. तुम्ही विचारणार नाही. तुम्ही स्वतःच शोधाल.