बुधवारचा उपास

बीपीची गोळी तिसऱ्यांदा वाढली आणि दुसऱ्याच सकाळी सूर्यभानजी न्हाणीत भोवळ येऊन पडता पडता वाचले. नळ हाताला लागला म्हणून. कडेवर आकांक्षा, हातात लाटणं, अशी पौर्णिमा धावली. लेक दीड वर्षाची, सासरे चौऱ्याहत्तरचे. दोघांपैकी कोण कधी कुठे पडेल या धाकात तिला जेवणही गोड लागेना.

अकोल्यातल्या त्यांच्या वस्तीचा दवाखाना दुमजली. खाली कारभार पाहणाऱ्या साहेबांचं ऑफिस, वर डॉक्टर, मधे एकतीस पायऱ्या. सूर्यभानजी धापा टाकत वर पोचत, लगेच दंडाला पट्टा, आकडा एकशे ऐंशी. गोळी वाढे. घरी आले की भोवळ. पौर्णिमा बी.एस्सी. होती, दोन खेपांतच तिच्या ध्यानात आलं.

"मामाजी, हे बीपी तुमचं नाही, त्या जिन्याचं आहे."

"मंग गोळी जिन्याले चारू का?"

पण गोष्ट त्यांना पटली. डॉक्टर खाली बसवा म्हणून म्हाताऱ्यांनी चार अर्ज दिले. साहेब प्रत्येक वेळी चष्मा पुसून म्हणत, "विचाराधीन आहे." शेवटी दवाखान्याच्या फाटकाशी मांडव पडला. साखळी उपोषण! रोज एकानं उपाशी बसायचं.

यादी सूर्यभानजींनी केली. "सोमवारी मीच बसतो. महादेवाचा उपास असतेच. मंगळवार देवमन, गुरुवार वामनराव, शुक्रवार मनकर्णाबाई."

"अन् बुधवार?"

बुधवारी कोणाचाच उपास नव्हता. तेव्हा शिलाईवाले अब्दुल सत्तारचाचा म्हणाले, "बुधवार मले द्या. मी रोजा ठेवतो."

सोमवारी पौर्णिमाचा जीव दहा वाजताच खालीवर व्हायला लागला. एवढी कडक गोळी, आणि पोटात काही नाही! तिनं साबुदाण्याची उसळ, बटाट्याचा कीस आणि दोन केळी डब्यात भरली, लेकीला कडेवर घेतलं आणि मांडव गाठला.

"मामाजी, आज सोमवार आहे. उपासाचं आणलं."

सूर्यभानजींनी डोक्यावरच्या 'साखळी उपोषण' या फलकाकडे पाहिलं, मग डब्याकडे. "उपासाले साबुदाना चालते," असा निर्वाळा देऊन त्यांनी डबा साफ केला. मंगळवारी देवमनजींच्या घरून भगर, दाण्याची आमटी आणि दही आलं. देवमनजींच्या मिशीला दही लागलं असताना कोणीतरी फोटो काढला आणि तो वस्तीच्या ग्रुपवर पडला.

साहेबांना हर्ष झाला. "हे उपोषण आहे का पंगत?" उद्यापासून आपण स्वतः समोर खुर्ची टाकून बसणार आणि डॉक्टर दर तासाला खाली येऊन उपोषणकर्त्याला तपासणार, असा त्यांनी हुकूम काढला.

दुसऱ्या दिवशी समोर सत्तारचाचा. चहा नाही, पाणी नाही. डब्याची वाट पाहून साहेबच थकले. बारा वाजता ऊन मांडवाच्या कापडातून खाली उतरलं आणि साहेबांचा घसा कोरडा पडला.

"चाचा, घोटभर पाणी तरी घ्या!"

"सूरज डुबल्यावर."

"अहो, तुम्हाला काही झालं तर माझी नोकरी जाईल!"

"काहून भिऊन राहिले, साहेब? रोजा मी ठेवला ना."

तिकडे डॉक्टर रागिणीबाई दर तासाला एकतीस पायऱ्या उतरत, चाचांना तपासत, पुन्हा चढत. दुसऱ्या खेपेला मनकर्णाबाईंनी मधेच हात पुढे केला. "आलीच हायेस बाई, त मायंबी पाह्य." आकडा चांगला आला. मागोमाग वामनराव, देवमनजी. सूर्यभानजींचा आकडा एकशे तीस.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिले. "वर तर एकशे ऐंशी होतं!"

"वर ते जिना चढून येतात, मॅडम," पौर्णिमा म्हणाली.

डॉक्टरांनी जिन्याकडे पाहिलं. चौथ्या खेपेला मात्र त्या वर गेल्याच नाहीत. कठडा धरून, श्वास आवरत शिपायाला म्हणाल्या, "माझं टेबल खाली आणा."

"ठेवू कुठं?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचं लक्ष चाचांच्या सुकलेल्या ओठांवर होतं. "माझ्या ऑफिसात ठेवा," ते म्हणाले. "मी वर जातो. पण यांना कोणीतरी आत सावलीत बसवा हो!"

संध्याकाळी उपोषण सोडवतानाचा फोटो हवा म्हणून साहेब लिंबूसरबताचा ग्लास धरून उभे राहिले, ते चांगली पंधरा मिनिटं. अजान झाली, चाचांनी आधी खजूर तोंडात टाकला, मग ग्लासाला हात लावला.

सूर्यभानजींची गोळी अर्ध्यावर आली. पौर्णिमा आठवडाभर न्हाणीच्या दाराशी कान देऊन होती, मग तिनं तेही सोडलं.

त्यानंतरच्या सोमवारी सगळे साहेबांना आभाराचं पत्र द्यायला गेले. वरच्या खिडकीतून साहेबांनी हात केला. "या, या! वर या! चहा सांगितलाय."

खाली कोणी हललं नाही.

"तुमीच या ना, साहेब," सूर्यभानजी म्हणाले.

साहेब उतरले. रिटायर व्हायला वर्ष राहिलेलं, सकाळपासूनची ही पाचवी खेप. शेवटच्या पायरीवर ते टेकले, कपाळ पुसलं आणि आभाराचं पत्र न वाचताच खिशात घालत डॉक्टरांच्या दाराशी जाऊन शर्टाची बाही वर सारू लागले.

बाकावरून मनकर्णाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि थोडं सरकून कडेला जागा केली.

"बसा, साहेब. पन तुमचा नंबर माह्या मांगून."