विलासरावांचे किलोमीटर

गाडी चाळीसच्या वर जाईना, तेव्हा सूर्यकांत पळसुल्यांनी आधी रस्त्याला दोष दिला, मग डिझेलला आणि शेवटी विलासरावांना. विलासराव म्हणजे त्यांचे मेहुणे, विजयालक्ष्मीचे थोरले भाऊ. तीन वर्षांपूर्वी ही गाडी त्यांनी पळसुल्यांना "घरच्या घरी" विकली होती. तेव्हा मीटरवर फक्त अडतीस हजार किलोमीटर होते. "बाहेर देऊन टाकली असती, पण म्हटलं, बहीण आहे," असं ते तेव्हा म्हणाले होते, आणि नंतर दर दिवाळीला, दर भाऊबीजेला, दर वाढदिवसाला म्हणत आले होते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सोफ्यावर मांडी घालून ते विचारायचे, "काय म्हणते आमची लेक?" लेक म्हणजे गाडी. सूर्यकांतना "उत्तम" म्हणावं लागायचं. न म्हणून चालणार कसं? विजयालक्ष्मी समोरच बसलेली असायची.

लेक मात्र आजारी पडली. बारापुला उड्डाणपुलावर, बरोबर साडेनऊला, डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने बैलगाडीचा वेग धरला. मागून हॉर्नचा असा कल्लोळ उठला की शेजारी बसलेल्या मैत्रेयीने सीटवर खाली घसरून तोंड लपवलं. ती यंदा बारावीला होती आणि तिच्या कॉलनीतल्या सगळ्या मैत्रिणी याच पुलावरून ट्यूशनला जायच्या.

"बाबा, प्लीज, मेट्रोने जाऊ या ना. लोक व्हिडिओ काढतायत, यार."

"बापाला यार म्हणू नकोस," सूर्यकांत म्हणाले. तेवढं एकच त्यांच्या हातात होतं.

ओखल्याच्या वर्कशॉपमध्ये एका टायवाल्या इसमाने गाडीला लॅपटॉप जोडला, भुवया उंचावल्या आणि लॅपटॉप काढून घेतला. "सर, इसका ईसीएम कुछ बता ही नहीं रहा. किसी ने लॉक डाल रखा है."

ईसीएम म्हणजे इंजिनाचा मेंदू, हे सूर्यकांतना तिथे कळलं. पुस्तकाएवढा एक ॲल्युमिनियमचा डबा. किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, हे सगळं तो ठरवतो आणि मनात लिहून ठेवतो.

"लॉक कंपनीचं असेल."

"ये कंपनी का नहीं है सर. कंपनी को बाहर रखने का है. नया डिब्बा डलवा लीजिए, तीन हफ़्ते में आ जाएगा."

सूर्यकांतनी तिथूनच विलासरावांना फोन लावला. ते गाझियाबादला असत. एवढा वेळ हसून बोलणारे विलासराव "लॉक" हा शब्द ऐकल्यावर हसायचे थांबले. "कसलं लॉक? हे मेकॅनिक लोक काहीही सांगतात. बदलून टाका तो डबा. बिल्कुल उघडत बसू नका."

"पण आत काय आहे ते वाचता आलं तर..."

"वाचायचंय काय त्यात, सूर्यकांतराव? उघडू नका म्हणतोय ना."

सूर्यकांत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. जी फाईल उघडू नका असं दोनदा सांगितलं जातं, ती जेवणाच्या सुट्टीच्या आत उघडावी.

दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, चाळीसच्या वेगाने, ट्रकांच्या शिव्या खात ते फरीदाबादला पोचले. कारखान्यांच्या गल्लीतल्या एका तळघरात धीरज नावाचा माणूस असे डबे उघडतो, असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. धीरज पस्तिशीचा, शांत, डोळ्यावर भिंग लावलेला. त्याने गाडीतून ईसीएम काढला, गरम हवेने झाकण सैल केलं आणि आतल्या हिरव्या पाटीवर केसाएवढ्या बारीक तारा टेकवल्या.

"रीड प्रोटेक्शन है," तो म्हणाला. "लिख सकते हैं, पढ़ नहीं सकते. पहले ये हटाना पड़ेगा. हट गया तो ठीक, बिगड़ गया तो डिब्बा सिर्फ़ डिब्बा रह जाएगा. यहाँ साइन कर दीजिए."

कागदावर लिहिलं होतं की होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी गिऱ्हाइकाची. सूर्यकांतनी तो दोनदा वाचला, त्यातल्या हिंदीच्या तीन चुका लाल पेनाने सुधारल्या आणि सही केली. धीरजने भिंगाआडून त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद खणात टाकला.

पडद्यावर आकडा सरकू लागला. बारा टक्के, तीस, एकसष्ट. एकसष्टवर वीज गेली. तळघरात काळोख झाला. इन्व्हर्टर कण्हत चालू झाला, लॅपटॉपचा पडदा उजळलेलाच होता, आणि आकडा बासष्टवर गेला. शंभर होईपर्यंत दोघांपैकी कुणीही खोकलंसुद्धा नाही.

"खुल गया," धीरज म्हणाला. मग बराच वेळ वाचत राहिला. "सर, मीटर में कितना है?"

"सत्तावन्न हजार."

"ये बोल रहा है दो लाख छह हज़ार."

सूर्यकांतनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता.

"मीटर तो बहुत लोग पीछे कराते हैं," धीरज समजावणीच्या सुरात म्हणाला. "अंदर का बदल नहीं पाए, तो ताला मार दिया, कि कोई पढ़े ही ना. कोई डरा हुआ आदमी था. और गाड़ी में ख़राबी कुछ नहीं है, सर. इंजन बूढ़ा है. आप जवान समझकर चला रहे हो."

त्याने डबा पुन्हा बसवून दिला, पिवळा दिवा विझवला, आणि तो परत लागेल असंही सांगितलं. सूर्यकांतना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी त्या पानाच्या दोन प्रती छापून घेतल्या. परतीच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांनी शिव्या दिल्या तेव्हा ते चक्क हसले. तीन वर्षं ते ज्या उपकाराखाली वाकून चालत होते, तो उपकार खिशात घडी घालून ठेवण्याएवढा लहान निघाला होता.

विजयालक्ष्मीला त्यांनी काही सांगितलं नाही. रविवारी गाझियाबादला जेवायचं बोलावणं होतंच. चार दिवस ते दाढी करताना भाषणाची उजळणी करत होते. आवाज चढवायचा नाही, फक्त कागद पुढे करायचा आणि पाणी प्यायचं, असं ठरलं.

वैजयंतीवहिनींनी पुरणपोळी केली होती. जेवणं झाल्यावर विलासरावांनी सोफ्यावर मांडी घातली, बडीशेप तोंडात टाकली आणि नेहमीच्या जागेवरून नेहमीचा प्रश्न टाकला, "मग? काय म्हणते आमची लेक?"

"ती म्हणते," सूर्यकांत म्हणाले, "माझं वय दोन लाख सहा हजार आहे." आणि कागद पुढे केला.

विलासरावांनी कागद हातात घेतला नाही. दुरूनच पाहिला. ते बडीशेप चावायचे थांबले.

"उघडलंत तुम्ही," ते म्हणाले.

"काय उघडलं? काय आहे ते?" विजयालक्ष्मीने कागद ओढून घेतला. सूर्यकांत ठरल्याप्रमाणे पाणी प्यायले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मीटर, लॉक, तळघर, म्हातारं इंजिन. सांगता सांगता आवाज चढलाच. "दीड लाख किलोमीटर! दादा दादा करतेस ना? तुझ्या दादाने दीड लाख किलोमीटर पुसले आणि वर तीन वर्षं माझ्याकडून आभार मानून घेतले!"

विजयालक्ष्मीने भावाकडे पाहिलं. "दादा, शोरूमवाल्यांची चूक असेल ना रे?"

विलासरावांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. आणि इथे, सूर्यकांतच्या उजळणीत नसलेली गोष्ट घडली. वैजयंतीवहिनी बोलल्या.

"थांबा हं, भाऊजी. ही गाडी आमच्याकडे पाच वर्षं होती. पहिल्या तीन वर्षांत तीसेक हजार झाली असेल, मला आठवतं, सर्व्हिसिंगला मीच जायचे. मग बाकीचे दीड लाख शेवटच्या दोन वर्षांत?" त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. त्या शाळेत गणित शिकवत. "म्हणजे रोजचे दोनशे किलोमीटर. ह्यांचं ऑफिस नोएडाला. अकरा किलोमीटर."

मैत्रेयीने कानातलं इअरफोनचं एक बोंडूक काढलं.

"रोज दोनशे किलोमीटर कुठे जात होतात?" वहिनींचा आवाज अगदी सरळ होता. "सीटखाली केसांची क्लिप सापडली होती मला. तुम्ही म्हणालात, कलीगला लिफ्ट दिली. शर्टाला अत्तराचा वास यायचा. अच्छा, म्हणजे असं होतं तर. कोण आहे ती? आणि राहते कुठे, मेरठला?"

"वहिनी, काहीतरीच काय," सूर्यकांत घाईघाईने म्हणाले. "माझा मुद्दा फक्त मीटरचा आहे."

पण मीटर आता कुणाच्याच खिजगणतीत नव्हतं. सगळे विलासरावांकडे पाहत होते. आणि विलासराव विचार करत होते. सूर्यकांतना अगदी स्पष्ट दिसलं, की तो माणूस दुसरी बाई कबूल करावी का, याचा विचार करतोय. तिच्यात त्यातल्या त्यात अब्रू होती.

"डेहराडूनला," शेवटी विलासराव म्हणाले. "कधी आग्रा. कधी चंडीगड. सवाऱ्या घेऊन."

"कसल्या सवाऱ्या?"

"सवाऱ्या म्हणजे सवाऱ्या, वैजू. चार माणसं, सामान डिकीत. लॉकडाऊन उठला आणि कंपनीने आम्हा अकरा जणांना काढलं. मी तुला सांगितलं, ऑफिसला बोलावलंय. सकाळी टाय लावून निघायचो. मोहननगरला टाय काढायचो आणि बस अड्ड्यापाशी उभा राहून ओरडायचो, डेहराडून, डेहराडून. दोन वर्षं. मग ही नोकरी लागली."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. आत ते ओरडणं सगळ्यांनी ऐकून घेतलं.

"आणि डबा?" वहिनींनी विचारलं. "मी रोज डबा देत होते."

"खायचो ना. सवाऱ्या ढाब्यावर जेवायच्या. मी गाडीत बसून खायचो. तुझी भेंडी गार झाली तरी चांगली लागते."

सूर्यकांतना वाटलं, आता वहिनी रडतील. त्या रडल्या नाहीत. "मी पेढे वाटले होते," त्या म्हणाल्या. "त्याच वर्षी. तुम्ही म्हणालात प्रमोशन झालं, म्हणून उशीर होतो. मी अख्ख्या स्टाफरूमला पेढे वाटले." आणि त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. आतून भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला, खरं तर कामवाली मघाशीच घासून गेली होती.

विजयालक्ष्मी नवऱ्याकडे वळली. "झालं समाधान?"

"अगं, पण मला काय ठाऊक? मी..." सूर्यकांतना कळत होतं, की आता गप्प बसावं. पण चार दिवसांची उजळणी घशाशी आली होती. "पण मीटर तर मागे केलंत ना, विलासराव? नोकरी गेली ते वाईट झालं. पण मीटर?"

ते बोलून झाल्यावर त्या खोलीत त्यांच्याइतका एकटा माणूस दुसरा नव्हता. मैत्रेयीनेसुद्धा त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी तिने बारापुल्यावर बापावर टाकली होती.

"खऱ्या आकड्यासकट दिली असती," विलासराव हळूच म्हणाले, "तर तुम्ही पहिला प्रश्न विचारला असता, एवढी फिरली कुठे? तुम्ही विचारल्याशिवाय राहिला असता का?"

हे खरं होतं, आणि गाडीला चांगला भाव आला हेही खरं होतं. दोन्हींपैकी कशावर रागवायचं ते त्यांना ठरवता येईना. उरलेली पुरणपोळी कुणी बांधून मागितली नाही.

चारच्या सुमारास निघाले, तर गाडी सुरू होऊन दोनदा बंद पडली आणि पिवळा दिवा पुन्हा लागला. सूर्यकांतनी तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. खिडकीशी उभे असलेले विलासराव म्हणाले, "अशी नाही होत ती. सरका."

विजयालक्ष्मी म्हणाली, "दादा, तूच सोडतोस का आम्हाला? मेट्रोने परत जा." आणि ती पुढे भावाशेजारी जाऊन बसली. सूर्यकांत मागे, मुलीशेजारी.

विलासरावांनी दिवा विझेपर्यंत गाडीला जरा दम खाऊ दिला, मग अशी उचलली, की तीन वर्षांत ती तशी चालल्याचं सूर्यकांतना आठवेना. साठ. सत्तर. खड्डा आला की गाडी तो कुशीवर वळल्यासारखी चुकवायची. सराय काले खानला बस आडवी आली, तर विलासरावांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. नुसती वाट काढली. पुढे भाऊबहीण काहीतरी बोलत होते, हळू, मागे ऐकू न येण्याइतकं. एकदा विजयालक्ष्मी हसली, मग तिने पदराने डोळे पुसले. सूर्यकांत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. खिशातली कागदाची दुसरी घडी मांडीला टोचत होती. काढून टाकावी तर कुठे टाकणार?

सरोजिनी नगरात क्वार्टरच्या फाटकाशी गाडी अलगद थांबली. विलासराव लगेच उतरले, वळसा घालून मागे आले आणि मैत्रेयीच्या बाजूचं दार उघडून, तिचं डोकं आपटू नये म्हणून वरच्या कडेला हात धरून उभे राहिले.

मैत्रेयीच्या कानात दोन्ही बोंडकं होती, नजर फोनवर होती. ती उतरली, पिशवी खांद्याला लावली आणि रोज ऑटोवाल्यांना, कॅबवाल्यांना म्हणते तसं, मान वर न करता म्हणाली, "थँक यू, भैया."

"वेलकम, मॅडम," विलासराव म्हणाले.

ती जिना चढून गेलीसुद्धा. त्यांनी ते थट्टेत म्हटलं की सवयीने, हे सूर्यकांतना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी पुढच्या सीटकडे पाहिलं. विजयालक्ष्मी उतरली नव्हती. ती समोरच्या काचेतून सरळ पाहत बसली होती, आणि तिच्या बसण्यावरून दिसत होतं, की तिला ते कळलं होतं.