गिझरचं पाणी गेलं कुठं

गिझर तापला होता. पाणी थंड होतं.

या दोन वाक्यांच्या मध्ये वामनराव बनियनवर उभे होते. एक हात गिझरच्या पोटावर, दुसरा नळाखाली. वरचा भाजत होता, खालचा बधिर झाला होता.

"आलं काय जी?" कमलाबाईंनी बाहेरून विचारलं.

"येऊन राह्यलं."

"काल पन येऊनच राह्यलं होतं."

गडचिरोलीचा डिसेंबर. आतल्या खोलीत चंदा, त्यांची एकुलती लेक, दवाखान्यातून नुकतीच घरी आलेली. कुशीत मुलगा. आणि सकाळच्या एस.टी.ने गोंडपिपरीहून तिची सासू बायनाबाई निघालेल्या. बायनाबाईंनी येणाऱ्या माणसाजवळ आधीच सांगून पाठवलं होतं, "तिथी पान्याचे हाल असन तं पोरीले आन नातवाले मी घेऊन जाईन." बायनाबाईंच्या बोलण्यात 'तं' हा शब्द फक्त शिष्टाचारापुरता असे.

वामनरावांना नातू इतक्यात जाऊ द्यायचा नव्हता. त्याने अजून डोळे नीट उघडून त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. निदान एकदा ओळखीचं हसावं, मग न्या. एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते एका नळावर अडलं होतं.

*

चूल? चूल नव्हती.

वामनराव वन खात्यात बाबू. वनमहोत्सवात, माइक हातात आल्यामुळे, ते बोलून गेले होते की आजपासून माझ्या घरी लाकूड जळणार नाही. टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या भरात त्यांनी अंगणातली पाण्याची चूल स्वतःच्या हाताने फोडली. जंगलातून मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका तेव्हापासून त्यांच्या दारावरून अशा दबक्या पावलांनी जात, की आत कोणी आजारी असावं.

स्टोव्ह? स्टोव्ह होता. रॉकेल नव्हतं. गिझर येणार म्हणून कमलाबाईंनी महिन्याचं रॉकेल मोकळ्या हाताने जाळलं होतं. गॅसचं सिलिंडर तळाला गेलेलं, त्यावर जेमतेम भात शिजत होता.

*

गिझर बसवला डोमाने. डोमा गावोगावचे हातपंप दुरुस्त करायचा. पाणी खालून वर आणण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. इथे ते वरून खाली यायचं होतं.

क्वार्टर पाठीला पाठ लावून बांधलेले. भिंतीच्या अलीकडे वामनराव, पलीकडे खात्याची जीप चालवणारे रामाजी आणि त्यांची रुखमा. छतावर सिमेंटची टाकी एकच. तिच्यातून दोन पाइप वामनरावांच्या न्हाणीत शेजारी शेजारी उतरत. दोन्ही गंजलेले, दोन्ही सारखे.

पाणी एकाच टाकीतलं असलं तरी दोन घरांचं बोलणं बंद होतं. वामनरावांनी दारात लावलेलं सागाचं रोप रामाजींच्या बकरीने खाल्लं, तेव्हापासून.

डोमाचं पहिलं निदान: "हवा अडकली, साहेब." त्याने गिझरला पान्याने ठोकलं. हवा निघाली की नाही कळलं नाही. रंग निघाला.

दुसरं निदान: "काटा पुरा फिरवा." फिरवला. गिझर आतून गुरगुरायला लागला.

तिसरं: "पानी गिझरात गरमच हाये. पाइपातून येता येता थंडावते." हे वामनरावांना पटलं. शास्त्रीय वाटलं. मग त्यांनी गिझरपासून निघणाऱ्या पाइपला धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, बांधलं, वरून पोतं, आणि पोत्यावरून कमलाबाईंचं जुनं लुगडं. पाइप भिंतीला टेकून बसलेल्या बाळंतिणीसारखा दिसू लागला.

नळाला पाणी तसंच.

भिंतीपलीकडे मात्र रामाजी गात होते. हिवाळ्यात आंघोळ टाळणारा तो माणूस आता सकाळ-संध्याकाळ गाऊन गाऊन अंग धुवायचा.

"मले चिडवून राह्यला," वामनराव म्हणाले, आणि तणसावर आणखी एक सुतळी आवळली.

*

बायनाबाई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी न्हाणीत गेल्या आणि नळाखाली बोट धरलं.

"हे गरम?"

"गिझर गरम हाये, इहीनबाई. हात लावून पाहा."

"मंग पोराले काय गिझरवर बसवता?"

वामनरावांनी नळ बंद केला. बायनाबाई आतल्या खोलीकडे वळल्या. "चंदे, कपडे बांध वं. दुपारच्या गाडीनं निघू."

चंदाने वडिलांकडे पाहिलं. वामनरावांनी बाळाकडे पाहिलं. बाळ झोपलं होतं.

तेव्हा कमलाबाई पदर खोचून परसात गेल्या आणि भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"रुखमाबाई, ऐकता काय?"

पलीकडे भांडी घासणं चालूच राहिलं.

"आपन बोलत नाई, मले मालूम हाये. पन पोरीच्या आंगावर घ्याले गरम पानी नाई."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "इतके दिवस काऊन नाई सांगितलं?"

"बोलत नव्हतो ना."

"बोलनं बंद होतं. बाळंतिणीचं पानी कोन बंद केलं?"

तिकडे हे असंच आहे. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डोकी फुटलेल्या घरांतही बाळंतिणीचं पाणी मागितलं तर नाही म्हणत नाहीत. भांडण नंतर, उरलं असेल तिथून, पुढे चालू करतात.

रुखमा आली ती वाफाळती बकेट घेऊनच. मागून रामाजी दुसरी घेऊन. रुखमाने पाटावर बसून पाय लांब केले, बाळाला पायावर पालथं घेतलं, पाठीला तेल चोळलं आणि तांब्याने पाणी सोडलं. बाळ रडलं नाही. एक जांभई दिली.

बायनाबाई कमरेवर हात ठेवून चूक शोधत उभ्या होत्या. सापडली नाही तेव्हा म्हणाल्या, "हात चांगला हाये तुमचा."

त्यांच्या सुनेनेही हे वाक्य अजून ऐकलं नव्हतं. चंदा दारातून वाकून बघायला लागली.

"असे शेजारी हायेत तं राहू द्या पोरीले इथी," बायनाबाई म्हणाल्या. "मीच राह्यतो आठ दिवस."

*

 वामनरावांनी रामाजींना बाजूला घेतलं.

"इतक्या लवकर पानी तापवलं कशावर?"

"तापवाचं कशाले जी? नळाले येते."

"कोनत्या नळाले?"

"न्हाणीतल्या. तुमच्याकडं नाई आलं ना अजून?" रामाजींनी आवाज उतरवला. "मी हापिसात मोठ्या साहेबाले बोललो होतो, डायव्हरले पहाटे गाडी काढा लागते, थंडीनं हात आखडते. मनावर घेतलं मानसानं. दोन-चार दिवसांपासून तं असं कढत येऊन राह्यलं का बस. तुमाले वाईट वाटन म्हनून बोललो नाई."

वामनराव न्हाणीत गेले. गिझरवर हात ठेवला. तिथून तणसाच्या पाइपवरून हात नेत नेत खाली आले, वळले, आणि हात भिंतीला लागला. पाइप आत गेला होता. पलीकडे.

त्यांचा स्वतःचा नळ शेजारच्या पाइपवर होता. त्या पाइपला कोणी हातही लावला नव्हता. डोमाने गिझर रामाजींच्या पाइपवर बसवला होता. हवा काढली ती रामाजींसाठी. काटा फिरवला तो रामाजींसाठी. लुगडंही. विजेचं बिलही.

तेवढ्यात डोमा आलाच. त्याने वामनरावांचा हात कुठे आहे ते पाहिलं, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि पिशवीतून पाना काढला.

"साहेब, पाइप चुकला. आत्ता बदलून देतो. चहा होईपर्यंत तुमच्या नळाले गरम पानी."

वामनराव हो म्हणणार होते. पण अंगणातून आवाज येत होते.

"उद्या पन याल ना, रुखमाबाई?" हे बायनाबाई.

"पानी आमच्याकडं, मंग हात कोनाचे येतीन? रोज येईन."

"अन बकरी बांधून ठेवा बरं," हे कमलाबाई, आणि तिघी हसल्या. त्या हसण्यात एक बारीक, नवखा आवाज मिसळला होता. बाळ शिंकलं असावं. वामनरावांनी ते हसणं समजायचं ठरवलं.

"पाना ठेव," ते डोमाला म्हणाले.

"पन साहेब, काम..."

"काम बराबर झालं."

डोमाला हे वाक्य आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. तो घाबरून निघून गेला.

वामनराव अंगणात आले तेव्हा रामाजींनी उरलेली अर्धी बकेट त्यांच्यापुढे सरकवली. "घ्या, तुमी बी आंग धुवून घ्या. लाजू नका. लागन तवा मागत जा."

वामनरावांनी बकेट दोन्ही हातांनी उचलली. वाफ चष्म्यावर आली.

"लय उपकार झाले, रामाजी," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं की हे आपण अगदी मनापासून म्हणतो आहोत.

"अजी, गरम पान्याचे कायचे उपकार," रामाजी म्हणाले. "मले काय त्याचे पैसे लागते?"